लिथियम बॅटरी बॉनेटखाली बसवायची का? आधी उष्णतेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: डिझेल व्हॅनच्या बॉनेटखाली दुसऱ्या बॅटरीचा ट्रे रिकामा आहे. त्यात १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे एलएफपी) बॅटरी बसवून मागचा फ्रिज, दिवे आणि पंखा चालवायचा आहे. चार्जिंग अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणारं जनित्र) साध्या रिलेने, म्हणजे इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या स्विचने. डेटाशीटवर कमाल तापमान ६० अंश दिलंय. बॅटरीला उष्णतारोधक गुंडाळला तर भागेल का?

भागणार नाही. बॅटरी गाडीच्या आत घ्या, बॉनेटखाली फक्त केबल आणि फ्यूज राहू द्या. कारणं नीट समजली तर नेमकं कुठे तडजोड चालते आणि कुठे चालत नाही हेही कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

सुरुवात त्या ६० अंशांपासून. एलएफपी बॅटरीच्या डेटाशीटवर तापमानाच्या सहसा तीन ओळी असतात आणि लोक त्यातली सर्वात मोठ्या आकड्याची ओळ वाचतात. डिस्चार्ज उणे २० ते ६०, चार्ज ० ते ४५ (काहींत ५५), आणि दीर्घकाळ साठवण बहुतेक वेळा २५ ते ३५ च्या आसपास. आता गाडीचा दिनक्रम बघा. इंजिन चालू आहे म्हणजे अल्टरनेटर चालू आहे, म्हणजे बॅटरी चार्ज होतेय. बॉनेटखाली उष्णता असते तेव्हा तुम्हाला लागू पडणारी ओळ ४५ ची आहे, ६० ची नाही. गाडी उभी केल्यावर बॅटरी नुसती बसून असते आणि तिथे साठवणीची ओळ लागते.

आणखी एक आकडा लोकांना फसवतो. बॅटरीवर ‘यूएन ३८.३ चाचणी उत्तीर्ण’ असं लिहिलेलं असतं आणि त्या चाचणीत ७२ अंश तापमान आहे हे कुणीतरी सांगतं. ती वाहतुकीची चाचणी आहे. बॅटरी काही तास ७२ अंशांत आणि मग उणे ४० अंशांत, अशी दहा वेळा ठेवतात आणि ती गळते का, फुटते का, पेटते का, व्होल्टेज फार उतरतं का एवढंच पाहतात. तिथे ना चार्जिंग होतं, ना आयुष्य मोजलं जातं. त्या ७२ वरून बॉनेटखालची परवानगी काढू नका.

बॉनेटखाली प्रत्यक्षात किती तापतं? हे इंजिन, रेडिएटरची जागा आणि एक्झॉस्ट कुठल्या बाजूला आहे यावर अवलंबून आहे, पण गाडी चालत असताना ६० ते ९० अंश हवा सापडणं अगदी नेहमीचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा तापलेला धूर गोळा करणारा पाइप) आणि टर्बोच्या जवळ शंभरच्या वर. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग काहीशे अंशांचा असतो आणि त्याची उष्णता हवेतून तर येतेच, किरणांनी थेटही येते. सर्वात वाईट वेळ मात्र गाडी थांबल्यानंतरची. पंखा बंद, समोरून येणारा वारा बंद, कूलंट फिरायचं थांबलेलं, आणि ९०-१०० अंशांचं लोखंड बंद खोलीसारख्या जागेत तसंच उभं. पुढची १५ ते ३० मिनिटं बॉनेटखालची हवा तापतच जाते. घाट चढून आल्याबरोबर गाडी बंद केली तर हे सगळ्यात जास्त जाणवतं.

लेड-अॅसिड बॅटरी हे सहन करते, कारण ती १७-२० किलोची असते, आत पाणी असलेलं आम्ल असतं, आणि तापली तरी ती स्वतःला बंद करत नाही. आयुष्य तिचंही कमी होतं. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत कंपनीच बॅटरीभोवती कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण देते, नाहीतर बॅटरी डिकीत नेते. तुमचा तो ट्रे लेड-अॅसिड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे.

लिथियमच्या आत काय होतं ते बघा. इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट हे मीठ असतं. उष्णतेत ते हळूहळू विघटित होतं, आणि आत अंशमात्र जरी ओलावा असला तरी त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. हे आम्ल कॅथोडमधलं (धन बाजूचं) लोह विरघळवतं, ते लोह पलीकडे ऋण बाजूच्या ग्राफाइटवर जाऊन बसतं, आणि ग्राफाइटवरचा संरक्षक थर तुटून पुन्हा पुन्हा तयार होत राहतो. दर वेळी थोडं वापरण्याजोगं लिथियम कायमचं अडकतं. यालाच आपण ‘क्षमता उतरली’ म्हणतो. सोबत वायू तयार होतो आणि बॅटरीच्या आतले सेल (अशा बॅटरीत चार) फुगतात. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांच्या तुलनेत ६५ अंशांवर म्हणजे चार वेळा दुप्पट, १६ पट. रोज दोन तास जरी बॅटरी त्या तापमानात राहिली, तरी आयुष्याच्या हिशेबात ते २५ अंशांवरचे ३२ तास आहेत.

पेटण्याबद्दल घाबरवायचं नाही, पण माहिती असावी. एलएफपी बॉनेटखालच्या नुसत्या हवेने सहसा पेटत नाही. तिची अनियंत्रित तापण्याची पातळी साधारण २०० अंशांच्या पुढे आहे आणि ती इतर लिथियम रसायनांपेक्षा शांत आहे. पण आतला संरक्षक थर ८० ते १२० अंशांच्या दरम्यान मोडायला लागतो आणि पॉलिथिलीनचा सेपरेटर (धन आणि ऋण बाजू वेगळ्या ठेवणारा पातळ पडदा) १३० च्या सुमारास वितळतो. त्यात शॉर्टसर्किट किंवा जास्त चार्जिंगची भर पडली तर सेलचा व्हॉल्व्ह उघडून जो धूर येतो तो ज्वलनशील आणि विषारी असतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाचे किंवा लॅपटॉपमधून काढलेले सेल जोडून बनवलेला पॅक बॉनेटखाली कधीही, कुठल्याही कारणाने बसवू नका.

आता रोधकाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तोच आहे.

रोधक उष्णता थांबवत नाही, तिला उशीर करतो. किती उशीर, ते मोजता येतं. १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण ११ किलोची, आणि सेलची उष्णताधारकता किलोमागे अंदाजे १००० जूल प्रति अंश. म्हणजे बॅटरी एक अंशाने तापवायला सुमारे ११,००० जूल लागतात. तिचा बाहेरचा पृष्ठभाग अंदाजे ०.३३ चौरस मीटर. सर्व बाजूंनी १० मिलिमीटर चांगला फोम लावला तर एका अंशाच्या फरकामागे साधारण ०.९ वॅट उष्णता आत शिरते. ११,००० भागिले ०.९ म्हणजे सुमारे १२,००० सेकंद, जवळजवळ सव्वातीन तास. एवढ्या वेळात आत आणि बाहेर यातला ६३ टक्के फरक भरून निघतो.

बॉनेटखाली ८० अंश आणि बॅटरी ३५ अंशांवर सुरू झाली असं धरा. पाऊण-एक तासाच्या प्रवासात ती ४५-४७ पर्यंत जाईल. सव्वातीन तासांत ६३ च्या पुढे. रोजच्या छोट्या फेऱ्यांना रोधक उपयोगी वाटतो तो यामुळेच, आणि सुट्टीतल्या लांब प्रवासात, म्हणजे नेमकी बॅटरीची गरज असते तेव्हा, तो हरतो. शिवाय उतरतानाही तोच उशीर. संध्याकाळी ६३ अंशांवर पोचलेली बॅटरी रोधकाच्या आत मध्यरात्रीपर्यंत कोमट राहते.

यात बॅटरीची स्वतःची उष्णता अजून धरलेली नाही. सेल, जोडपट्ट्या आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडल्यास ती तोडणारा आतला सर्किट बोर्ड) मिळून १० मिलीओहम रोध असेल तर ३० अँपिअर चार्जिंगला ९ वॅट उष्णता आतच तयार होते. तुमच्या रिलेने ५० अँपिअर ढकलले तर २५ वॅट. प्रति अंश ०.९ वॅट सोडणाऱ्या पेटीत २५ वॅट म्हणजे, पुरेसा वेळ दिला तर, बाहेरच्यापेक्षा जवळपास २८ अंशांनी जास्त. गोधडी पांघरून पळण्यासारखा प्रकार आहे हा.

पत्र्याची ढाल वेगळी गोष्ट आहे. चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा मॅनिफोल्ड आणि बॅटरीच्या मध्ये, दोन्हींपासून हवेची फट ठेवून (बॅटरीच्या बाजूला किमान १०-१५ मिलिमीटर) लावला तर किरणांनी येणारी उष्णता खूपच कमी होते. पत्रा थेट बॅटरीला चिकटवला तर निम्मा फायदा गेला. पण ढाल भोवतालची हवा थंड करत नाही.

मग बीएमएस. बहुतेक एलएफपी बॅटऱ्यांत सेल ५५ ते ६० च्या आसपास गेले की बीएमएस चार्जिंग तोडतो आणि ६०-६५ च्या सुमारास डिस्चार्जही तोडतो. काही अंश उतरेपर्यंत परत जोडत नाही. तापमानाचा सेन्सर बहुधा एक किंवा दोनच असतात, आणि ते इंजिनच्या बाजूच्या सेलवर असतीलच असं नाही. त्यामुळे सेन्सर ५० दाखवत असताना इंजिनकडचा सेल ५८ वर असू शकतो. चार सेलपैकी एक कायम जास्त तापला की तो लवकर म्हातारा होतो, त्याचं स्वतःहून उतरणं वाढतं, आणि बॅलन्सिंगचे (सगळे सेल एका पातळीवर आणण्याचे) काही दहा-वीस मिलीअँपिअर ती तफावत भरून काढू शकत नाहीत. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असूनही ७० दिल्यावरच ‘रिकामी’ होते, कारण एकच सेल आधी तळ गाठतो. बीएमएसवरचे मॉस्फेट (प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) तापले की त्यांचा रोध वाढतो, रोध वाढला की ते आणखी तापतात. बॉनेटखाली बीएमएस आधी मरतो आणि सेल नंतर, असंही घडतं.

बीएमएसने भर चार्जिंगमध्ये अचानक जोडणी तोडली तर अल्टरनेटरचं काय होतं हे फार कमी लोक विचारात घेतात. वाहणाऱ्या प्रवाहाला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. संरक्षण नसलेल्या १२ व्होल्टच्या प्रणालीत ही उसळी ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर आणि नशीब वाईट असेल तर इंजिनचा कंट्रोलर जातो. लेड-अॅसिड बॅटरी सोबत जोडलेली असेल तर ती ही उसळी बऱ्यापैकी गिळते. म्हणून गाडीची मूळ लेड-अॅसिड बॅटरी काढून तिच्या जागी एकटी साधी एलएफपी बसवणं तर आणखी धोक्याचं आहे. घाटात बीएमएसने जोडणी तोडली तर इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणि दिवे यांचा आधार जातो. शिवाय १०० अँपिअरच्या बीएमएसवर डिझेल इंजिनचा सेल्फ मारता येत नाही, त्याला काहीशे अँपिअर लागतात.

तुमच्या साध्या रिलेलाही नकारच. एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी असताना ती अल्टरनेटर देईल तेवढा प्रवाह ओढत राहते. लेड-अॅसिड काही मिनिटांत आवरतं घेते, ही तासभर सोडत नाही. अल्टरनेटर गाडी उभी असताना कमी आरपीएमवर, स्वतःचा पंखा मंद फिरत असताना सर्वात जास्त तापतो, आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर पूर्ण भार येतो. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम १२.५ च्या आसपास खाली आणतात आणि ब्रेक मारताना १५ कडे नेतात. पहिल्या अवस्थेत बॅटरी भरतच नाही, दुसऱ्यात १४.६ ची मर्यादा ओलांडली जाते.

आता काय करायचं ते.

लेड-अॅसिड जागेवर राहू द्या. एलएफपी चालकाच्या किंवा प्रवाशाच्या सीटखाली, नाहीतर मागच्या भागात जमिनीलगत ठेवा. बंद खोक्यातली एलएफपी नेहमीच्या वापरात साध्या लेड-अॅसिडसारखा हायड्रोजन सोडत नाही, म्हणून ती आत ठेवता येते. जागा निवडताना खाली हात लावून बघा: त्या पत्र्याखालून सायलेन्सर किंवा एक्झॉस्टचा पाइप जात असेल तर ती जागा बाद. काचेतून थेट ऊन पडणारी जागाही बाद. उन्हात बंद गाडीची आतली हवा ६० अंशांपर्यंत जाऊ शकते, पण सीटखाली जमिनीलगत ती बरीच कमी असते.

दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीतून ठराविक प्रवाह आणि व्होल्टेजने दुसरी भरणारं यंत्र), एलएफपीसाठी १४.२ ते १४.४ व्होल्टवर सेट केलेला. तोही आतच बसवा, एलएफपीपासून मीटरभराच्या आत. हे चार्जर ४०-५० अंशांच्या पुढे स्वतःची क्षमता कमी करतात, बॉनेटखाली लावलेला ३० चा चार्जर दुपारी १५ चा होतो. त्याच्या धातूच्या पट्ट्यांमधून हवा वर जाईल असा उभा लावा आणि भोवती १०० मिलिमीटर जागा मोकळी सोडा.

केबलचा हिशेब: चार्जरमधून बाहेर पडणारे ३० अँपिअर १४.४ व्होल्टला म्हणजे ४३२ वॅट. ९० टक्के कार्यक्षमता आणि आत येणारे १३ व्होल्ट धरले तर चार्जर बॉनेटखालच्या बॅटरीतून जवळपास ३७ अँपिअर ओढतो. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची केबल असेल तर १० चौरस मिलिमीटरमध्ये ०.६५ व्होल्ट पडतात, १६ मध्ये ०.४. तुम्ही १६ च घ्या. बॉनेटखालच्या भागात ७० अंशांची साधी पीव्हीसी केबल चालत नाही, आवरण मऊ होऊन पत्र्यावर घासून उघडं पडतं. १०५ किंवा १२५ अंशांची, क्रॉस-लिंक्ड आवरणाची केबल घ्या, वरून नालीदार पाइप, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, आणि दर ३० सेंटिमीटरला क्लिप. एक्झॉस्टपासून २०० मिलिमीटर तरी लांब ठेवा आणि डिझेलच्या नळीला बांधू नका.

लेड-अॅसिडच्या धन टोकापासून १५-२० सेंटिमीटरच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज साधारण २३-२५ अंशांवर मोजलेले असतात, गरम जागेत ते आधी उडतात. ३७ अँपिअरला ४० चा फ्यूज लावला तर तो उन्हाळ्यात विनाकारण जाईल. एलएफपीच्या बाजूला फ्यूज तिच्या टोकाजवळ लावा, आणि तिथे त्याची तोडण्याची क्षमता (किती मोठा प्रवाह तो नक्की थांबवू शकतो) बघून घ्या. एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देते आणि साधा पाती फ्यूज उडूनही ठिणगीतून वाहत राहतो. क्लास-टी फ्यूज त्या कामाचा. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) षटकोनी डायच्या क्रिम्पने दाबा, डाग देऊ नका. टोकांचे बोल्ट डेटाशीटवर दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

एवढं सांगूनही जागाच नसेल आणि बॉनेटखालीच बसवावं लागणार असेल, तर आधी मोजा. के-टाइप थर्मोकपलचा (तारेसारखा तापमान सेन्सर) डेटा लॉगर घ्या आणि तीन सेन्सर ट्रेमध्ये लावा: एक इंजिनच्या बाजूला, एक उलट बाजूला, एक तळाशी. बॅटरीच्या जागी पाण्याने भरलेला तेवढ्याच वजनाचा कॅन ठेवला आणि एक सेन्सर पाण्यात बुडवला तर अंदाज मिळतो, पण पाणी सेलच्या चौपट सावकाश तापतं हे लक्षात ठेवा, म्हणून हवेचा आकडाच धरा. भर उन्हाळ्यात दुपारी, एसी लावून, भरलेल्या गाडीने तासभर चढ, मग २० मिनिटं जागेवर चालू, मग बंद करून ४५ मिनिटं नोंद. इन्फ्रारेड बंदुकीवर विसंबू नका. चकचकीत धातूवर ती खूप कमी आकडा दाखवते. वापरायचीच तर आधी काळी टेप चिकटवा.

हवेचा सर्वाधिक आकडा बॅटरीच्या चार्जिंग मर्यादेपेक्षा १० अंशांनी कमी आला तर पुढे जा. तसं झालं तर ती गाडी अपवाद समजा. बॅटरी अशीच घ्या जिच्या उत्पादकाने बॉनेटखाली बसवायला लेखी परवानगी दिली आहे. अनेकांच्या वॉरंटीत ही जागा स्पष्टपणे वगळलेली असते, आणि विक्रेत्याचं तोंडी ‘चालतं हो’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. ढाल वर सांगितली तशी. ग्रिलमागून ७५ मिलिमीटरचा हवेचा पाइप ट्रेपर्यंत आणा. तो गाडी पळतानाच काम करतो, म्हणून गाडी बंद झाल्यावर ३० मिनिटं चालणारा १२० मिलिमीटरचा छोटा पंखा थर्मोस्टॅटवर जोडा. तो अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी घेतो. बॅटरीची पेटी पूर्ण बंद करू नका, खाली आणि वर हवेला वाट ठेवा. डीसी-डीसी चार्जर तेव्हाही गाडीच्या आतच, आणि बॅटरीचं तापमान ४५ ला पोचलं की त्याने चार्जिंग थांबवावं यासाठी त्याची तापमानाची तार इंजिनच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवा. हे बीएमएसवर सोपवायचं नाही. बीएमएस शेवटचा अडसर आहे, रोजचा स्विच नाही.

बसवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ब्लूटूथवर चार सेलचं व्होल्टेज पाहा, पूर्ण चार्ज झाल्यावर आणि मग तासभर विश्रांती देऊन. सेलमधला फरक २०-३० मिलीव्होल्टच्या आत असेल तर ठीक. तो दर महिन्याला वाढत असेल, किंवा तोच एक सेल दर वेळी मागे पडत असेल, तर उष्णता कुठून येते ते शोधा. खोक्याच्या रुंद बाजूवर सरळ पट्टी ठेवून फुगवटा तपासा. फुगलेली बॅटरी चार्जिंगवरून लगेच काढा, गाडीतून उतरवा, आणि परत चार्ज करून ‘बघू तरी’ म्हणू नका.